शनीचं कडं आणि माझी एक नोंद

मी शनीचं काम करायचो असं कळलं की आमच्या डिंगोऱ्यातली माणसं अजूनही मला साडेसातीचं विचारतात. एक पाहुणे तर नारळ घेऊन आमच्या रेडिओ दुर्बिणीची डिश बघायला आले होते. तो कुठं फोडायचा यावरून त्यांचं नि वॉचमनचं चांगलंच वाजलं. शेवटी मी मधे पडलो आणि समजावलं की काका, इथून शनीला काही पाठवता येत नाही, तिकडून येतं तेवढंच आपण घेतो. ते म्हणाले, "आमचं बी तेच हाय की राव. तिकडून येतं तेवढं घ्यायचं."

दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलंय की नोकरीतल्या गमतीजमती लिहा. एकतीस वर्षं रेडिओ दुर्बिणीवर ऑपरेटर होतो, त्यामुळे गमती पुष्कळ आहेत, आणि थोड्या सांगणारही आहे. पण मी लिहायला बसलो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. मला माझ्या सख्ख्या मेहुण्याचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, जेवताना घास अडकावा असा. त्या हेव्यापायी मी एक खोटी नोंद केली आणि त्या नोंदीपायी त्याची नोकरी गेली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं लिहिता लिहिता मी ते गोड करून सांगेन. तेवढी अक्कल मला आहे.

आधी कामाचं. नारायणगावच्या पलीकडे द्राक्षांच्या बागा आणि ऊस यांच्या मधे आमच्या डिश उभ्या आहेत. रेडिओ दुर्बिणीला डोळा लावायची जागा नसते. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी डिश गोळा करते, रिसीव्हर त्या मोठ्या करतो आणि कंट्रोल रूममधल्या पडद्यावर त्यांच्या रेघा उमटतात. दिवस असो की रात्र, दोन्ही सारखंच. शास्त्रज्ञ पुण्यात बसतात, परदेशात बसतात. डिश फिरवणं, रिसीव्हर लावणं, रेकॉर्डिंग नीट होतंय का बघणं हे ऑपरेटरचं काम. मी जुन्नरच्या आयटीआयमधून निघालो तो थेट इथं लागलो, आणि डिशचे नट आवळण्यापासून सगळं केलं.

पण माझी खरी किंमत होती ती गोंगाट ओळखण्यात. आकाशातून येणारं सगळं इतकं कमजोर असतं की जमिनीवरची कुठलीही ठिणगी त्याला झाकून टाकते. कुणाच्या शेतातली मोटर, वेल्डिंग, लग्नातल्या डीजेचा बिनवायरचा माइक, काहीही. एकदा दर थोड्या वेळानं एक टिंब उमटायचं आणि रोज त्याची दिशा बदलायची. आठ दिवस आम्ही वेड्यासारखे शोधत होतो. शेवटी मी वनखात्याच्या माणसाला फोन लावला. निघाला बिबट्या. त्याच्या गळ्यात पट्टा बांधून सोडला होता आणि गडी आमच्याच कुंपणाशेजारच्या उसात मुक्कामाला होता. दुसऱ्या वेळी एका शेवंतीवाल्यानं फुलं उशिरा, भाव असताना यावीत म्हणून शेतभर स्वस्तातले बल्ब लावले आणि रेडिओ लहरींची आमची अख्खी एक पट्टी आंधळी झाली. त्याला मी बल्ब बदलायला लावले, तेही चहा पिऊन, भांडण न करता. पडद्यावरची रेघ बघून हा कुणाचा पंप आणि ही कुणाची वेल्डिंग हे मी सांगायचो, आणि नव्वद टक्के बरोबर निघायचं. बरं, नव्वद नको म्हणूया, बहुतेक वेळा म्हणूया.

म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली होती. रेकॉर्डिंग शास्त्रज्ञांकडे जाण्याआधी ऑपरेटरनं ते तपासायचं. जिथं स्थानिक गोंगाट आहे त्या सेकंदांवर काट मारायची आणि नोंदवहीत कारण लिहून सही करायची. काट मारलेले सेकंद पुढं कुणी बघतसुद्धा नाही. कॉम्प्युटर ते गाळूनच टाकतो. पुण्यात बसलेल्या माणसाला इथं कुणाची मोटर चालू होती हे कसं कळणार? तेव्हा स्थानिक गोंगाटाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. मोठमोठे डॉक्टर माझ्या दोन ओळींच्या नोंदीवरून आपल्या मेहनतीचे तास टाकून द्यायचे, आणि मला त्याचा अभिमान होता. अजून आहे, तीच तर अडचण आहे.

शनीचं काम आमच्याकडे आलं ते पुण्याच्या एका शास्त्रज्ञ मॅडममुळे. एक परदेशी यान शनीभोवती फिरत होतं. फिरता फिरता ते शनीच्या कड्यांच्या मागे जायचं, आणि मागे असताना पृथ्वीच्या दिशेनं एकच सरळ, न बदलणारा रेडिओचा सूर सोडत राहायचं. परदेशातल्या मोठ्या डिश तो ऐकायच्याच. मॅडमनी खटपट करून आमच्याही एका डिशवर त्यासाठी खास रिसीव्हर बसवून घेतला. बसवला मी.

गावात मी हे असं समजावतो. समोरच्या रस्त्यानं मोटरसायकल चालली आहे आणि मधे बाभळींची रांग आहे. दिवा लुकलुकतो. गाडीचा वेग ठाऊक असेल तर नुसत्या लुकलुकण्यावरून झाडं कुठं दाट आहेत, कुठं विरळ आहेत आणि कुठं नाहीतच, हे ओट्यावर बसून सांगता येतं. शनीची कडी म्हणजे बर्फाच्या असंख्य खड्यांची गर्दी. यानाचा सूर त्या गर्दीतून गाळला जाऊन येतो. जिथं गर्दी दाट तिथं सूर पडतो, जिथं मोकळी जागा तिथं उठतो. आणखी एक गंमत असते. गर्दीचा काठ धारदार असेल तर सूर एका दमात पडत नाही. काठाच्या आजूबाजूला तो चार-पाच हेलकावे खातो. काठाजवळचे हेलकावे रुंद असतात आणि काठापासून लांब जावं तसे ते दाटत जातात. ते हेलकावे दिसले की समजायचं, इथं खरोखर काठ आहे. यानाच्या ट्रान्समीटरची ताकद घरातल्या बल्बाएवढी, आणि तो सूर इथवर यायला तासापेक्षा जास्त वेळ लागतो. तरी आम्ही तो नारायणगावच्या टोमॅटो मार्केटच्या गोंगाटातून निवडून काढायचो.

आता सोपान. माझी बायको मंदा आंबेगाव तालुक्यातली, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला भाताची खाचरं आहेत तिथली. सोपान तिचा धाकटा भाऊ. घोडेगावला बीएस्सी झाला आणि दोन वर्षं घरी भात-नाचणी करत बसला होता. मंदानं माझ्यामागं धोशा लावला आणि मी आमच्या केंद्राच्या साहेबांशी बोलून त्याला कंत्राटावर लावून घेतलं. तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा असेल. अंगानं किरकोळ, बोलायला कमी. माझ्यासमोर तर खुर्चीतसुद्धा टेकून बसायचा नाही. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याचा मान मोठा. मेहुणा दाजीला उलट बोलत नाही. दाजीनं भाजी खारट आहे म्हटलं तर मेहुणाही खारट म्हणतो. घरात ते चालतं. कंट्रोल रूममध्ये काय होईल हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

मीच त्याला शिकवलं. गोंगाट ओळखायचा माझा पहिला नियम मी त्याला पहिल्या आठवड्यात दिला: शेजारची चॅनेलं, म्हणजे लागून असलेल्या वारंवारिता, बघ. ठिणगी कुठलीही असो, ती एका जागी उमटत नाही, आजूबाजूच्या सगळ्या चॅनेलांवर एकदम उमटते. यानाचा सूर मात्र एकाच बारीक रेघेत असतो. तेव्हा काही हललं की आधी शेजारी बघायचं. शेजारीही हललं असेल तर गोंगाट. शेजारी शांत असेल तर वरून आलंय. सोपाननं ते वहीत लिहून घेतलं.

वर्षभर सगळं छान चाललं. मग तो पुढं जायला लागला. मॅडमनी दिलेले इंग्रजी पेपर तो दुपारच्या सुट्टीत डब्याशेजारी ठेवून वाचायचा. मला त्यातली चित्रं तेवढी कळायची. हेलकावे का दाटत जातात याचं गणित त्यानं एकदा फळ्यावर मांडलं आणि मॅडम म्हणाल्या, "सोपान, हे तू स्वतः केलंस?" मी शेजारी सोल्डरिंग करत होतो. एवढ्या वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मॅडमचा फोन आला की आधी त्याला बोलावणं. मला बोलावणं यायचं ते केबल बदलायला.

घरीही तेच. माझी मुलगी बारावीला होती. गणित अडलं की ती म्हणायची, मामाला फोन लावा. मंदा शेजारणीला सांगायची, आमचा सोपान शनीवर काम करतो. मी तिथंच वर्तमानपत्र वाचत असायचो. मीही शनीवरच काम करत होतो की! सोपान कधी घरी जेवायला आला की मंदा त्याच्या पानात आधी वाढायची, आणि मी मनात घास मोजायचो. सांगायला लाज वाटते, पण मोजायचो. तो काही चुकतोय का यावर माझी नजर असायची आणि तो चुकायचा नाही.

त्या वर्षी मॅडम आल्या आणि आम्हा दोघांसमोर बोलल्या. सोपानचं कंत्राट मार्चमध्ये संपणार होतं. प्रकल्पातून एक कायमची जागा मिळण्यासारखी होती, पण निवड समितीला दाखवायला काहीतरी हवं होतं. कड्यांच्या रेकॉर्डिंगमधून सोपाननं स्वतःच्या नजरेनं एखादी गोष्ट शोधून दाखवली, तर त्या पेपरवर त्याचं नाव घालणार होत्या आणि जागा त्याला मिळवून देणार होत्या. सोपान मान खाली घालून ऐकत होता. त्या गेल्यावर तो मला म्हणाला, "दाजी, तुमीच आणलं मला हितं." मी म्हटलं, हो, हो, बघू. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग ती दुपार आली. यान कड्यांच्या मागे जाणार होतं. कंट्रोल रूममध्ये मी आणि सोपान दोघंच होतो. सूर पडला, उठला, परत पडला, सगळं ठरल्यासारखं. मग मोकळी पट्टी आली. कड्यांच्या मधे एक जागा अशी आहे जिथं काहीच नाही असं सगळे धरून चालतात. तिथं सूर पूर्ण उठलेला असतो आणि रेघ सरळ जाते. ती सरळ जाताजाता मधेच हलली. चार-पाच हेलकावे, बारीकसा खड्डा, परत हेलकावे आणि परत सरळ. सगळं मिळून काही सेकंदांचं प्रकरण. मी एवढी वर्षं पडदे बघितले होते. मला त्याच क्षणी कळलं की हे वरचं आहे.

रेकॉर्डिंग संपल्यावर सोपाननं तो तुकडा परत लावला, मोठा केला आणि खुर्ची माझ्याकडे ओढली. "दाजी, हितं कायतरी हाय," तो म्हणाला. "बारीक कडं असंल. काठ दोन्ही बाजूंनी दिसतोय."

मी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "किसनचं झटका मशीन आहे ते."

झटका मशीन आमच्या भागात घरोघर आहे. बिबट्या आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेताभोवती तार ओढतात. तिला एक पेटी जोडलेली असते, ती दर सेकंदाला तारेत झटका सोडते. तारेला गवत टेकलं की ठिणगी पडते, आणि आमच्या पडद्यावर दर सेकंदाला उसळी उमटते. कुंपणापलीकडच्या किसनच्या शेतात असं मशीन होतं आणि त्यानं आम्हाला पूर्वी दोनदा छळलंही होतं. माझं म्हणणं ऐकणाऱ्याला पटण्यासारखं होतं. म्हणून तर ते मला इतक्या चटकन सुचलं.

सोपान अगदी हळू बोलला, "झटका दर सेकंदाला सारखाच पडतो. ह्ये दाटत चाललंय. आन् शेजारी काय बी न्हाई, दाजी. शेजारची चॅनेलं मी बघितली."

माझाच नियम तो मला सांगत होता. मी म्हणालो, "तू मला शिकवतोस?"

त्यानं मान खाली घातली. "न्हाई," म्हणाला. बस, संपलं. दुसरा कुणी असता तर भांडला असता, मॅडमना फोन लावला असता. सोपान उठला आणि बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आला. मी नोंदवही ओढली. त्या सेकंदांवर काट मारली, 'स्थानिक, झटका मशीन, कुंपणापलीकडचं शेत' असं लिहिलं आणि सही केली. शेजारची चॅनेलं मी उघडून बघितली नाहीत. बघितली असती तर खोटं बोलतोय हे मला स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. न बघता, मी फार तर चुकतोय एवढंच राहात होतं, आणि तेवढी सोय मी स्वतःसाठी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किसनच्या शेतात गेलो. खरं सांगतो, मशीन चालू सापडावं म्हणून मनातल्या मनात विनवत गेलो. किसन पाणी भरत होता. मी मशीनचं विचारलं तर तो उखडला. आमी काय बी केलं की तुमची दुर्बीण आजारी पडती, म्हणाला. मशीन आठ दिवसांपासून नारायणगावला दुरुस्तीला पडलं होतं. खात्री पटावी म्हणून त्यानं मला खांबापाशी नेलं आणि रिकामी खुंटी दाखवली. मी त्याची माफी मागितली आणि बांधावरून परत आलो. वाटेत मनाशी ठरवलं, की आज जाऊन नोंद दुरुस्त करायची. नोंदवहीत दुरुस्ती करायला बंदी नव्हती. खाली एक ओळ लिहायची, सही करायची, झालं. मी वही उघडलीही. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून मॅडमचा फोनवरचा आवाज आला, स्पीकरवर होता, आणि त्या सोपानच्या कुठल्याशा गणिताचं कौतुक करत होत्या. मी वही मिटली.

चार दिवसांनी मॅडमनी मला फोन केला. मोकळ्या पट्टीतली काट बघून त्यांना चुटपुट लागली होती. त्यांनी विचारलं, "दत्तात्रय, त्या नोंदीची तुम्हाला खात्री आहे ना?"

मी म्हणालो, "हो मॅडम. मशीन मी जाऊन बघून आलो."

त्या म्हणाल्या, मग प्रश्नच नाही. ते सेकंद गाळले गेले. मार्च आला, समितीपुढं दाखवायला काही नव्हतं आणि सोपानचं कंत्राट संपलं. मंदा म्हणाली, तुम्ही साहेबांशी एकदा बोला. बोललो, असं मी तिला सांगितलं. बोललो नव्हतो. सोपाननं जाताना मला वाकून नमस्कार केला आणि कंट्रोल रूमची किल्ली माझ्या हातात दिली. आता याच्याशी बरोबरी नाही, असं वाटून मला त्या दिवशी हलकं वाटलं. ते हलकेपण दोन आठवडेसुद्धा टिकलं नाही. तो नसताना पडदा बघायला मजा येईना. कुणाला दाखवायचं की मला येतं?

काही महिन्यांनी मॅडम आल्या आणि त्यांनीच बातमी दिली. त्याच दुपारी परदेशातली एक डिशसुद्धा तो सूर ऐकत होती. त्या लोकांना मोकळ्या पट्टीत बारीक कडं सापडलं, दोन्ही काठांवरच्या हेलकाव्यांसकट. त्यांचा पेपर आला होता. मॅडम हळहळल्या. आपल्याकडे नेमका तेव्हाच गोंगाट असावा, काय नशीब, नाहीतर दोन जागचा पुरावा झाला असता, असं म्हणाल्या. त्यांनी मला पेपर दाखवला. त्यातली रेघ आणि माझ्या पडद्यावरची रेघ एकच होती. मी चहा आणतो म्हणून उठलो.

सोपाननं पुढं घोडेगावात सोलर पंप आणि छपरावरचे सोलर हीटर बसवायचं दुकान टाकलं. चालतंय बरं. छपरांवर चढून चढून त्याचे गुडघे गेले आहेत. मी निवृत्त झालो तेव्हा माझा मोठा सत्कार झाला. माझ्या नोंदवह्या टेबलावर मांडल्या होत्या आणि साहेबांनी भाषणात सांगितलं की दत्तात्रयरावांच्या एकाही नोंदीवर आजवर कुणी शंका घेतलेली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोपान तिसऱ्या रांगेत होता, त्यानंही वाजवल्या. शाल घेऊन मी घरी आलो आणि ती कपाटात कोंबली.

गेल्या भाऊबीजेला तो डिंगोऱ्याला आला. दर वर्षी येतो, कधी चुकला नाही. ओवाळणं झालं, जेवणं झाली. मंदा आत भांडी आवरत होती आणि आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. काय झालं कुणास ठाऊक, मी एकदम सांगायला सुरुवात केली. नोंद, किसनची रिकामी खुंटी, मॅडमना दिलेलं खोटं उत्तर, सगळं. साहेबांशी न बोललेलंही सांगितलं. तुझ्यावर जळत होतो रे मी, असंसुद्धा म्हणालो. तो सुपारी कातरत होता, ती कातरत राहिला.

मग म्हणाला, "ठाव हाय मला, दाजी. किसनच्या रानात मी बी गेलो व्हतो. तुमच्या आदल्या सांजंला."

तो पुढं सांगू लागला. मॅडमनी माझ्याशी बोलून झाल्यावर लगेच त्याला फोन केला होता. त्यांना माझ्या आवाजात काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी सरळ विचारलं की सोपान, ही काट तुला पटते का, तू सांगशील ते मी धरीन. त्याच्या वहीत हेलकाव्यांची मोजमापं लिहिलेली होती, शेजारची चॅनेलं छापून घेतलेली होती. एक शब्द बोलायचा होता. तो म्हणाला होता, पटते.

मी विचारलं, "का?"

"तुमची एक नोंद मुद्दाम खोटी केल्याली निघाली असती, तर मागच्या समद्या नोंदींवर कोण इस्वास ठेवणार व्हतं? पंचवीस-तीस वरसं लोकांनी तुमच्या सहीवर डाटा टाकून दिलाय. तुमच्याकडं त्येवढंच व्हतं, दाजी. माझं काय, मी दुसरं कायबी केलं असतं." मग आत बघून हळूच म्हणाला, "ताईला सांगू नगा."

वाचणाऱ्याला वाटेल की मी रडलो असेन, त्याचे पाय धरले असतील. तसलं काही झालं नाही. त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं लिहितो. मला त्याचा हेवा वाटला. आयुष्यात वाटला नव्हता इतका. गणितात हा पुढं, मॅडमच्या मनात हा पुढं, माझ्या लेकीच्या तोंडी याचं नाव, आणि आता चांगुलपणातही हाच पुढं. मी वर्षानुवर्षं ज्या गोष्टीचं ओझं वाहत होतो ती यानं तेव्हाच उचलून बाजूला ठेवली होती आणि दर भाऊबीजेला माझ्या शेजारी बसून लाडू खाल्ले होते. लाज वाटली ती नंतर, तो मोटरसायकलवरून घोडेगावला निघून गेल्यावर.

वर्षभर मी यावर विचार केला आणि हे लिहायला घेतलं. त्या दुपारची नोंद चुकीची आहे. कुंपणापलीकडच्या शेतात त्या दिवशी मशीन नव्हतं. शेजारची चॅनेलं स्वच्छ होती. मोकळ्या पट्टीतलं ते कडं आमच्या डिशवरून पहिल्यांदा ओळखलं सोपाननं, मी नाही, आणि मी ते जाणूनबुजून मारलं. मॅडमनाही एवढंच पत्र लिहिलंय आणि नोंदवहीत खाली दुरुस्तीची ओळ घालायची परवानगी मागितली आहे. माझ्या बाकीच्या नोंदी आता कुणी तपासायच्या म्हटल्या तर तपासाव्यात. त्या खऱ्या आहेत, पण माझ्या सांगण्यावर कुणी जाऊ नये.

मंदा हा अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, तेव्हा घरात काय होईल ते होईल. सोपानही वाचेल. त्यानं जे जपलं ते मी असं चारचौघांत मोडलं म्हणून तो रागावेल. रागावू दे. या भाऊबीजेला त्यानं येऊन मला वाटेल ते बोलावं, दाजीचा मानबिन काही न ठेवता बोलावं. न आला तरी चालेल. त्याचा चांगुलपणा मला आता सोसत नाही.